मामाल ते मावळ : प्राथमिक वर्गातील इतिहास आणि भूगोल

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोलाचा एक क्रम दीर्घकाळ रूढ राहिला आहे. तिसरीत मुलाला जिल्ह्याची ओळख होते, चौथीत 'शिवछत्रपती' हाती येते आणि सातवाहनांची गाठ पडते ती बरीच पुढे, प्राचीन भारताच्या विस्तृत पटावरील एक राजवंश म्हणून. या क्रमामागे शैक्षणिक विचार आहे, हे आम्ही नाकारत नाही. शिवचरित्राइतकी मुलाच्या मनाला भिडणारी दुसरी कथा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. परंतु या क्रमाचा एक परिणाम असा होतो, की लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव येथील मुलाच्या लेखी त्याच्या स्वतःच्या मुलखाचा इतिहास सतराव्या शतकात सुरू होतो. मावळे आले म्हणून मावळ, अशी काहीशी समजूत त्याच्या मनात घर करते. वास्तविक त्याच्या घरापासून काही किलोमीटरांवर, कार्ल्याच्या कातळात, त्याच्या तालुक्याचे नाव त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे कोरलेले आहे.

त्या नावाकडे जाण्यापूर्वी जमिनीकडे पाहिले पाहिजे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेस बोरघाटाचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण लागते. पूर्वेकडे इंद्रायणी आणि पवना यांची खोरी पुण्याच्या दिशेने उघडत जातात. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यात तो सातशेच्या घरात असतो. बंदरावरून देशावर जाणाऱ्या माणसाला हा कडा चढण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि चढून आल्यावर नदीचे खोरे हीच त्याची स्वाभाविक वाट होती. १८६३ साली लोहमार्गाने हाच घाट १:३७ इतक्या तीव्र चढाने ओलांडला. १९१५ पासून खोपोलीच्या वीजकेंद्राने याच कड्याची उंची वापरून पाण्यापासून वीज निर्माण केली. पुढे द्रुतगती मार्गही येथूनच गेला. साधने बदलली, पण भूगोलाने घातलेली अट बदलली नाही.

आता लेण्यांच्या जागा नकाशावर मांडाव्यात. कार्ले आणि भाजे इंद्रायणीच्या खोऱ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, तर बेडसे डोंगरापलीकडे पवनेच्या खोऱ्याकडे आहे. घाट चढून आलेल्या वाटांना धरूनच ही लेणी उभी राहिली. इतिहासाच्या तासाला ती केवळ 'प्रेक्षणीय स्थळे' म्हणून शिकवली, तर ती तेथेच का आहेत हा प्रश्न मुलाला पडतच नाही. भूगोलाच्या तासाला वाटा शिकवून लेणी वगळली, तर त्या वाटेने कोण गेले हे कळत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून जुन्या वाटा, लेणी, देवींची ठाणी आणि अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे यांचा परस्परसंबंध शोधला. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. पण त्यांची पद्धत प्राथमिक शिक्षकालाही उचलता येण्याजोगी आहे, कारण तिचा आरंभ जवळच्या टेकडीपासून होतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखांमध्ये दोन दानांचे लेख विशेष महत्त्वाचे आहेत. एकात क्षहरात नहपानाचा जावई ऋषभदत्त वलुरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव देतो. दुसऱ्यात एक सातवाहन राजा मामाल येथील अमात्याला आज्ञा करतो, की मामाल आहारातील तेच गाव या भिक्षूंना दिले आहे. आहार म्हणजे प्रशासकीय विभाग. राजाचे नाव झिजले असले, तरी तो गौतमीपुत्र सातकर्णी असावा असे अभ्यासक सामान्यतः मानतात. सत्ता बदलली आणि नव्या राजाने जुने दान आपल्या नावाने पुन्हा दिले. याच घटनेचा दुसरा पुरावा नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळाला. तेथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. जुन्या नाण्यावर नवा ठसा आणि जुन्या दानावर नवी आज्ञा! सत्तांतर म्हणजे काय हे नऊ वर्षांच्या मुलाला समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

भाषेच्या अध्यापकांना येथे आणखी एक धागा सापडेल. 'मावळतीकडचा तो मावळ' ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे आणि ऐकायला गोडही आहे. पण लेखातील 'मामाल' हे रूप समोर ठेवले, की वेगळी वाट दिसते. श्यामलचा सावळा झाला, आमलकाचा आवळा झाला. मधला म जाऊन व आला, ल जाऊन ळ आला. त्याच वाटेने मामालचा मावळ झाला. शाळेच्या आवारातील आवळा आणि तालुक्याचे नाव एकाच ध्वनिनियमाने बांधलेले आहेत, हे कळणे हा मराठीचाही धडा आहे आणि इतिहासाचाही.

ब्राह्मी न वाचता येणाऱ्या मुलांना शिलालेख कसला शिकवायचा, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे, की लिपी शिक्षकाने उलगडून सांगावी, मुलाने फक्त चार प्रश्न विचारावेत : कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले, आणि हे आपल्याला कशावरून कळले? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. कार्ल्याच्या लेखांत राजांच्या जोडीला धेनुकाकट येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, दाराचे काम करणारा सुतार सामी आहे आणि स्तंभ देणारे यवनही आहेत. सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकलेले पाहून सुताराच्या मुलाला इतिहास परका वाटणार नाही.

यात शिवकाल मागे सारण्याचा हेतू नाही. २०२५ साली लोहगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्याचा अभिमान मावळातील मुलांना वाटलाच पाहिजे. पण त्या किल्ल्यांनी ज्या घाटवाटांवर नजर ठेवली, त्या वाटा किल्ल्यांहूनही जुन्या आहेत. हे ठाऊक असलेल्या मुलाला शिवाजीमहाराजांनी हा मुलूख का निवडला, हे अधिक नेमकेपणाने कळेल. आज हे डोंगर सुट्टीच्या गर्दीसाठी आणि बंगल्यांसाठी झपाट्याने कोरले जात आहेत. त्यांचे मोल सांगू शकणारी पिढी तयार करायची असेल, तर तिला हे डोंगर तिसरी-चौथीतच वाचायला शिकवावे लागेल.