मुलांचा ऑपेरा : प्रेक्षागृहापासून शाळेपर्यंत (१८९३-१९५८)

प्रस्तावना

ऑपेरा या कलाप्रकाराशी मराठी अभ्यासकाचा संबंध बव्हंशी दुरून आलेला आहे. मुंबईत गिरगावाजवळ 'रॉयल ऑपेरा हाऊस' नावाची वास्तू १९११ पासून उभी आहे आणि १९९३ पासून बंद पडलेली ती वास्तू २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुली झाली. तथापि त्या नावातला 'ऑपेरा' आपल्या रंगभूमीच्या इतिहासात फारसा शिरला नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपल्याकडे जी परंपरा घडली ती संगीत नाटकाची. तीत गद्य संवादांच्या ओघात पदे येतात, तर ऑपेरात सामान्यतः आरंभापासून अखेरपर्यंत गायन हेच नाट्याचे माध्यम असते.

प्रस्तुत लेखाचा विषय याहून मर्यादित आहे. हा खर्चिक, दीर्घ आणि प्रौढांच्या भावविश्वात रमणारा कलाप्रकार मुलांपर्यंत नेण्याचे जे प्रयत्न युरोपात झाले, त्यांपैकी काहींचा येथे विचार करावयाचा आहे. 'मुलांना ऑपेराची ओळख करून देणे' ही कल्पना वरवर पाहता निरुपद्रवी, सांस्कृतिक शिष्टाचाराचा भाग वाटणारी आहे. प्रत्यक्षात तिच्या पोटात एक राजकीय प्रश्न दडलेला होता, तो असा की मुलाला समूहात गायला शिकवताना आपण त्याला नेमके काय शिकवतो? १९३० ते १९५८ या काळात या प्रश्नाची जी उत्तरे पुढे आली ती परस्परांपासून कमालीची भिन्न आहेत.

मुलांविषयीचा ऑपेरा

या इतिहासाचा आरंभ सहसा एंगेलबर्ट हुम्परडिंक यांच्या 'हेन्सेल उंट ग्रेटेल'पासून केला जातो. हुम्परडिंक यांच्या बहिणीने आपल्या मुलांसाठी एक घरगुती नाटुकले लिहिले आणि त्यातील गाण्यांना १८९० मध्ये भावाकडून चाली लावून घेतल्या. या कौटुंबिक खेळाचा पुढे पूर्ण ऑपेरा झाला आणि २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमार येथे रिचर्ड स्ट्राउस यांच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन जाण्याचा ऑपेरा म्हणून तो आजतागायत टिकून आहे. १९२३ च्या जानेवारीत लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधून आणि १९३१ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधून संपूर्ण ऑपेरा प्रथमच रेडिओवरून प्रक्षेपित झाला, तेव्हा दोन्ही वेळा निवड याच कृतीची झाली.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. येथे हेन्सेल आणि ग्रेटेल या दोन्ही भूमिका प्रौढ गायिका गातात. वाद्यवृंद वाग्नेरच्या वळणाचा, भरघोस. त्यावर मात करून ऐकू जाण्याची ताकद लहान मुलाच्या गळ्यात नसते. म्हणजे गोष्ट मुलांची, प्रेक्षक मुले, परंतु रंगमंच प्रौढांचा. 'ओळख करून देणे' याचा अर्थ येथे शांत बसून ऐकणे एवढाच होतो.

शाळेतील ऑपेरा : होकार आणि नकार

ही चौकट मोडली ती वायमार प्रजासत्ताकाच्या अखेरच्या वर्षांत. १९३० च्या जूनमध्ये बर्लिन येथे दोन दिवसांच्या अंतराने दोन कृती सादर झाल्या. पहिली पॉल हिंडेमिथ यांची 'आपण एक शहर बांधू'. मुलांनी स्वतः खेळावयाचा हा एक सांगीतिक खेळ असून प्रेक्षकांचे मनोरंजन हा त्याचा हेतूच नव्हता. दुसरी, २३ जून १९३० रोजी सादर झालेली, कुर्ट वाइल आणि बर्टोल्ट ब्रेश्ट यांची 'डेर यासागेर', म्हणजे 'हो म्हणणारा'. वाइल यांनी तिला 'शालेय ऑपेरा' असे नाव दिले. विद्यार्थ्यांनीच गावी, वाजवावी आणि उभी करावी अशी ती रचना होती. तयार झालेल्या प्रयोगापेक्षा तालमीची प्रक्रिया अधिक महत्त्वाची, ही वाइल यांची भूमिका होती. आपल्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांचा अनुभव असलेल्या प्राध्यापकांना ती सहज पटावी.

ब्रेश्ट यांचे कथानक एका जपानी नो नाटकावर आधारलेले आहे. ते आर्थर वेली यांच्या इंग्रजी रूपांतरावरून एलिझाबेथ हाउप्टमान यांनी जर्मनमध्ये आणले होते. शिक्षक डोंगरापलीकडच्या खडतर प्रवासास निघतात. आजारी आईसाठी औषध आणावे म्हणून एक मुलगा हट्टाने सोबत जातो आणि वाटेत स्वतःच आजारी पडतो. अशा वेळी रूढी सांगते की, मागे पडणाऱ्याला दरीत लोटावे. मात्र त्याआधी त्याची संमती विचारावी आणि त्याने 'हो' म्हणावे. मुलगा 'हो' म्हणतो.

वाइल यांचे संगीत साधे, ठाशीव व शाळकरी आवाजांना झेपेल असे होते आणि कृती झपाट्याने जर्मन शाळांत पसरली. पण ती ज्या कारणासाठी आवडली ते कारण चिंताजनक होते. काही धार्मिक वर्तुळांनी तिच्यातील आज्ञापालनाचे स्वागत केले. उलट 'डी वेल्टब्यूने' या डाव्या नियतकालिकात फ्रांक वारशाउअर यांनी तिला स्पष्ट नकार दिला. मुलांना निमूटपणे मान तुकवायला शिकवणारी कृती, असा त्यांचा आक्षेप होता. तीन वर्षांनंतर त्या देशात काय घडले हे माहीत असलेल्या आजच्या वाचकाला हा आक्षेप अधिकच बोचतो.

मात्र या प्रकरणाचा खरा नायक समीक्षक नव्हे. बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातील 'कार्ल मार्क्स शाळे'तील विद्यार्थ्यांनी ही संहिता वाचून चर्चा केली आणि रूढीच्या सक्तीवरच बोट ठेवले. अशी रूढी पाळायचीच कशाला, मुलाला वाचवण्याचा दुसरा उपाय नव्हता का, असे त्यांचे प्रश्न होते. ब्रेश्ट यांनी ते गांभीर्याने घेतले. संहितेत साथीच्या रोगाचे कारण घालून त्यांनी मोहिमेची निकड वाढवली आणि शिवाय 'डेर नाइनसागेर', म्हणजे 'नाही म्हणणारा', हे जोडनाट्य लिहिले. त्यातील मुलगा नकार देतो व प्रत्येक नव्या परिस्थितीत नव्याने विचार करण्याची नवी रूढी सुचवतो. सगळे परत फिरतात. शक्यतो दोन्ही नाट्ये एकत्रच सादर व्हावीत, असे ब्रेश्ट यांचे म्हणणे होते. पण 'नाइनसागेर'ला वाइल यांनी संगीत दिले नाही. परिणामी होकार गाता येतो, नकार फक्त बोलता येतो, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. मार्च १९३३ मध्ये वाइल यांना जर्मनी सोडावी लागली आणि शालेय ऑपेराचा हा अध्याय तेथेच खुंटला.

ब्रेश्ट मराठीला परका नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) ही रूपांतरे सर्वपरिचित आहेत. यांपैकी दुसऱ्याच्या मूळ कृतीचे संगीतकार वाइलच. त्यांचे शालेय ऑपेरे मात्र आपल्याकडील अभ्यासात क्वचितच येतात. ही उपेक्षा अनाठायी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते, कारण विद्यार्थ्यांच्या आक्षेपामुळे नाटककाराने आपली संहिता बदलल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे रंगभूमीच्या इतिहासात विरळा.

तेरेझिन येथील 'ब्रुंडिबार'

प्रागचे संगीतकार हान्स क्रासा आणि लेखक-चित्रकार अडोल्फ हॉफमाइस्टर यांनी 'ब्रुंडिबार' हा मुलांचा ऑपेरा १९३८ मध्ये एका शासकीय स्पर्धेसाठी रचला. कथानक अगदी साधे आहे. पेपिचेक व अनिंका या भावंडांची आई आजारी असून तिला दूध हवे आहे. पैसे मिळवण्यासाठी ती बाजारात गातात, पण हातपेटी फिरवून वाजवणारा ब्रुंडिबार त्यांना हुसकावून लावतो. अखेर चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातील मुले यांच्या साहाय्याने ती त्याच्यावर मात करतात. एकट्याचा आवाज दुबळा पडतो आणि समूहगान विजयी होते, हा यातील नाट्याचा गाभा.

नाझी आक्रमणामुळे स्पर्धा बाजूला पडली. १९४२-४३ च्या हिवाळ्यात प्रागमधील ज्यू अनाथालयात या ऑपेराचा प्रयोग गुपचूप झाला. तोपर्यंत क्रासा यांची रवानगी तेरेझिनच्या छळवस्तीत झाली होती. अनाथालयातील मुलेही १९४३ मध्ये तेथे पोहोचली आणि रुडॉल्फ फ्रॉइडेनफेल्ड यांनी पियानोची संहिता आपल्या सामानात लपवून आणली. छावणीत जे वादक उपलब्ध होते त्यांना अनुसरून क्रासा यांनी वाद्यरचना नव्याने लिहिली. नेपथ्य फ्रांटिशेक झेलेंका यांचे होते. २३ सप्टेंबर १९४३ रोजी माग्डेबुर्ग बराकीत पहिला प्रयोग झाला आणि पुढील वर्षभरात तब्बल ५५ प्रयोग झाले.

या आकड्यामागील वास्तव भयंकर आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत गायक मुले पाठवली जात आणि त्यांच्या जागी नवी मुले उभी करून तालीम पुन्हा सुरू होई. वाचलेल्या कलाकारांपैकी एकीने सांगितलेली आठवण अशी की, प्रयोगापुरता छातीवरचा पिवळा तारा काढण्याची मुभा असे. कवी एमिल साउडेक यांनी समारोपाच्या ओळी बदलून त्यांत न्यायाच्या बाजूने उभे राहणाऱ्याचा उल्लेख आणला. ब्रुंडिबार म्हणजे कोण, हे प्रेक्षकांपैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि तरीही हेच नाट्य छळकर्त्यांनी आपल्या कामास लावले. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या पाहणीच्या वेळी ते पाहुण्यांसमोर सादर करण्यात आले. पुढे छावणीतील 'सुखी' जीवन दाखवणाऱ्या प्रचारपटातही त्याचा अखेरचा प्रवेश चित्रित झाला. कला माणसाला मुक्त करते असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. येथे एकच गाणे, तेच कंठ, तीच चाल मुलांसाठी प्रतिकार होती आणि अधिकाऱ्यांसाठी देखावा. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच गाड्या सुटल्या. क्रासा यांना ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशवित्झ येथे ठार मारण्यात आले आणि गाणाऱ्या मुलांपैकी बहुतेक परतली नाहीत.

ब्रिटन आणि गावाचा सहभाग

युद्धोत्तर इंग्लंडमधील बेंजामिन ब्रिटन यांचे प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांचे वेगळेपण कळते. १४ जून १९४९ रोजी ऑल्डबरा येथील ज्युबिली हॉलमध्ये 'चला, ऑपेरा करू या' हा त्यांचा व एरिक क्रोझिअर यांचा खेळ सादर झाला. त्याच्या पूर्वार्धात ऑपेरा कसा रचतात व बसवतात हेच गद्यात दाखवले आहे. उत्तरार्धात 'द लिटल स्वीप' हा छोटा ऑपेरा येतो. १८१० च्या सुमारास धुराडी साफ करण्यासाठी विकला गेलेला आठ वर्षांचा सॅम आणि त्याला लपवून सोडवणारी घरातील मुले, हा त्याचा विषय. ब्रिटनमध्ये धुराड्यांत मुले चढवण्याविरुद्ध १७८८ पासून कायदे होत राहिले, पण ही प्रथा परिणामकारकपणे थांबण्यास १८७५ उजाडावे लागले. साथीला केवळ चार तंतुवाद्ये, दोघांनी वाजवायचा पियानो आणि तालवाद्ये. प्रेक्षकांना चार गाणी गावी लागतात आणि त्यांची तालीम मध्यंतराआधीच घेतली जाते. गाण्यांच्या मधले संवाद गद्यात आहेत. त्या अर्थाने ही रचना आपल्या संगीत नाटकाच्या बरीच जवळ येते.

संगीत नाटकातही मुले होती. केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांच्यासारखे कलावंत कोवळ्या वयातच कंपनीत दाखल झाले. पण ते शिक्षण व्यवसायाचे होते आणि गळा फुटला की अनेकांचे भवितव्य टांगणीला लागे. मुलांसाठी मुलांचे नाट्य हा विचार आपल्याकडे सुधा करमरकर यांच्या १९५९ मधील 'मधुमंजिरी'पासून स्थिरावला.

त्याच्या आदल्या वर्षी, १८ जून १९५८ रोजी, ऑरफर्डच्या चर्चमध्ये ब्रिटन यांचा 'नॉय्ज फ्लड' सादर झाला. चेस्टर येथील मध्ययुगीन धर्मनाट्यातील प्रलयकथेवर तो आधारलेला आहे. नोआ, त्याची पत्नी आणि देवाचा आवाज एवढेच व्यावसायिक कलावंत, तर बाकी सर्व भूमिका मुलांच्या. वाद्यवृंदातही मोजके व्यावसायिक आणि भोवती शाळकरी वादक. व्हायोलिनचे तीन भाग पाडलेले असून तिसरा भाग नवशिक्यांसाठी आहे. बोट न ठेवता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की काम भागते. पावसाचे पहिले थेंब दोरीला टांगलेल्या चिनी मातीच्या कपांवर वाजतात. ही युक्ती ब्रिटन यांना इमोजेन होल्स्ट यांनी दाखवली होती. इंद्रधनुष्याच्या वेळी किणकिणणाऱ्या हातघंटा स्थानिक तरुण मंडळाच्या. जमलेला जनसमुदाय तीन स्तोत्रे गातो.

येथे कुणाची 'ओळख करून देण्यात' आलेली नाही, असे म्हणावेसे वाटते. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठीही संगीतात एक खरी, टाळता न येणारी जागा संगीतकाराने आधीच लिहून ठेवली आहे. तो मोकळी तार चुकला तर ते ऐकू येते. व्यावसायिक आणि नवशिके यांतील अंतर ब्रिटन यांनी झाकले नाही, त्यालाच रचनेचे साधन केले. प्रयोग चर्चमध्ये किंवा एखाद्या मोठ्या सभागृहात व्हावा, नाट्यगृहात होऊ नये, अशी त्यांची स्पष्ट अट होती आणि ती संहितेबरोबर छापलेली आहे.