कादंबरीतील तीन ग्रंथालये

कोणत्याही नगराच्या नकाशात ज्यांचा पत्ता सापडणार नाही, अशी काही ग्रंथालये साहित्यात आहेत. वाचकांच्या कित्येक पिढ्या त्यांत वावरून आल्या आहेत. त्यांपैकी तिघांचा संबंध ख्रिस्ती मठांशी वा धर्मगुरूंशी येतो. ग्रंथालयाची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याच्या मनात ग्रंथांविषयी प्रेम आहे की भय, हा प्रश्न ही तिन्ही ग्रंथालये आपल्यापुढे उभा करतात.

पहिले ग्रंथालय फ्रेंच लेखक राबले याचे. 1532 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पांताग्रुएल’मध्ये कथानायक पॅरिसला येतो आणि सेंट व्हिक्टर मठाचे ग्रंथालय पाहतो. हा मठ खराखुरा होता. बाराव्या शतकात ह्यूगोसारखा थोर आचार्य तेथे शिकवीत असे. राबलेने दिलेली ग्रंथांची यादी मात्र सर्वस्वी विनोदी आहे. पुढील आवृत्त्यांत ती शंभरावर नावांपर्यंत वाढली. पोकळ पांडित्याची अशी टवाळी करणारा हा लेखक स्वतः मठवासी होता. तो फ्रान्सिस्कन असताना, 1523 च्या सुमारास, वरिष्ठांनी त्याचे ग्रीक ग्रंथ काढून घेतले होते. ते त्याला परत मिळाले, परंतु पुढे पोपमहोदयांच्या परवानगीने तो बेनेडिक्टाईन संघात गेला. त्याच्या हास्यामागे हा अनुभव होता, हे विसरता येत नाही.

दुसरे ग्रंथालय डॉन क्विक्झोटचे. 1605 साली सर्वांतेसने लिहिलेल्या या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात गावचे धर्मगुरू आणि न्हावी त्या सरदाराच्या पुस्तकांची झडती घेतात. वीरकथा वाचून त्याचे डोके फिरले, असा त्यांचा समज. घर सांभाळणारी बाई तर पुस्तकांतल्या मांत्रिकांच्या भीतीने पवित्र पाणी घेऊन येते! हे धर्मगुरू दुष्ट नाहीत. त्यांनी बरेच वाचलेले आहे. काही ग्रंथ ते आवडीने बाजूला ठेवतात; खुद्द सर्वांतेसचे एक पुस्तकही वाचते. पण पुढे ते थकतात आणि उरलेले ग्रंथ न उघडताच आगीत टाकावेत, असे सांगून मोकळे होतात. त्या रात्री, राखून ठेवावेत असेही काही ग्रंथ जळाले, असे लेखक नमूद करतो. भयाइतकाच कंटाळाही ग्रंथांचा शत्रू असतो, हे एवढ्या सौम्य शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरे ग्रंथालय उंबेर्तो एको यांच्या 1980 सालच्या ‘गुलाबाचे नाव’ या इटालियन कादंबरीतले. काळ 1327, स्थळ उत्तर इटलीतील बेनेडिक्टाईन मठ. तेथील ग्रंथालय म्हणजे एक भुलभुलैया. त्याच्या वाटा अधिकृतपणे केवळ ग्रंथपाल आणि त्याचा साहाय्यक यांनाच ठाऊक. विनोदावरील अॅरिस्टॉटलचा हरवलेला ग्रंथ तेथे दडलेला असतो. हास्यामुळे श्रद्धा ढासळेल, या भीतीने होर्हे नावाचा अंध वृद्ध मठवासी त्याच्या पानांना विष लावतो. शेवटी सारे ग्रंथालय भस्मसात होते. सत्याचे रक्षण करण्यासाठी निघालेला माणूस ज्ञानाची राख करून बसतो.

या कथा वाचताना आपण कॅथलिकांनी अस्वस्थ व्हावे, हे योग्यच आहे. ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी 1559 पासून 1966 पर्यंत अस्तित्वात होती. राबलेचे लेखनही तीत होते. परंतु शतकानुशतके ग्रंथांच्या नकला करून ते जगवले, तेही मठवासीयांनीच. प्रेम आणि भय एकाच घरात नांदत होते.

आपल्या मराठीतही एका हरवलेल्या ग्रंथाची कथा आहे, आणि ती कल्पित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये तर स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम व्हाइसरॉयने काढला. तरीही हे पुराण टिकले, ते हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. अशाच हस्तलिखितांच्या आधारे 1907 मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

एको यांच्या कादंबरीच्या अखेरीस निवेदक आड्सो अनेक वर्षांनी त्या उजाड मठात परततो आणि जळक्या चर्मपत्रांचे तुकडे वेचून पिशव्यांत भरतो. त्या तुकड्यांचे एक छोटेसे ग्रंथालय त्याच्यापाशी जमते. ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्या नकलाकारांनी आपल्यासाठी याहून अधिक केले. तुकडे वेचण्याची पाळीच त्यांनी येऊ दिली नाही. आपल्या घरातील जुन्या पेटीत एखादी जीर्ण वही वा हाताने लिहिलेली गीतांची पाने असतील, तर ती रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. त्या पेटीची किल्ली आज आपल्या हाती आहे.