दारें नसलेलें गांव आणि पाण्याचें दार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर म्हणून जें गांव आहे, त्याची कीर्ति दोन गोष्टींवर उभी आहे. उघड्या चौथऱ्यावर, छपरावांचून उभी असलेली शनैश्वराची काळी शिळा ही एक. आणि घराला दार न लावण्याची रूढि ही दुसरी. चोराला शनिदेवच शासन करतो, मग कडीकुलुपाचें काम काय, असा त्या श्रद्धेचा हिशेब. यात्रेकरू तें पाहून नवल करितो व परत फिरतो. परंतु या मुलुखाच्या शिवारांत जो पाऊल टाकील, त्याला एका निराळ्या दाराची ओळख होईल. पिकाला पाणी देणें याला घाटावरील शेतकरी ‘दारें धरणें’ म्हणतो. वाफ्याच्या तोंडाची माती फावड्यानें ओढली कीं दार उघडलें. ती पुन्हां लोटली कीं मिटलें. घराला दार नसलें तरी एक वेळ चालेल. पाण्याला तें नसून चालत नाहीं. आणि या दाराचा इतिहास हाच येथल्या शेतीचा खरा इतिहास आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे येतां येतां त्याचा हात आखडतो. प्रवरा व मुळा या नद्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून नेवाशाकडे येतात, तेव्हां त्यांच्या कांठची भूमि काळी व कसदार, पण तहानलेली असते. म्हणून येथील जुनी शेती बाजरी, ज्वारी, हरभरा यांवर आणि विहिरीच्या मोटेवर चाले. तथापि नदीचें पाणी वळवून शेतांत आणण्याची कल्पना आपणांस परकीयांनीं शिकविली, असें समजणें चुकीचें होईल. घोडनदीच्या कांठीं, पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांपूर्वींचा बांध व पाट सांपडला. गांवच्या प्रमुखाचें म्हणून जें घर ओळखलें गेलें, त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार होतें. पाट एकट्याच्या श्रमानें खणला जात नाहीं. तेव्हां तो कोणी साफ करावा व आधीं पाणी कोणी घ्यावें, हे प्रश्न त्या काळींही उद्भवले असलेच पाहिजेत. पुढें हवामान कोरडें होत गेलें असावें. शेती मागें पडली, चौकोनी घरांच्या जागीं गोल झोपड्या आल्या आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास तें गांव ओस पडलें.

इंग्रजी अमलांत, १८७६ पासूनच्या भीषण दुष्काळानें कालव्यांची निकड सर्वांस पटली. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं खुलें झालें व त्यास गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव मिळालें. दुष्काळांत धान्यपीक वांचविणें हा अशा कालव्यांचा हेतु. पण पाण्यामागोमाग ऊस आला. कारण उघड आहे. ज्वारीला पाटाचें पाणी हवें असतें तें पाऊस चुकेल त्या वर्षीं. चांगल्या वर्षीं तिचा धनी पाटाकडे फिरकतही नाहीं. सरकारास तर पाणीपट्टी दरसाल हवी, आणि ती उसावांचून कोण देणार? विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं नीरेच्या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली, ती याच पेंचावर. उसाला थोडा भाग, बाकीच्या भागांत इतर पिकें, आणि पाणी थोड्या गांवांत न कोंडतां अनेक गांवांत विभागलेलें, असें तिचें स्वरूप. ती सांभाळली गेली नाहीं तेथें अति पाण्यानें चांगल्या जमिनी चोपण झाल्या. पुढें लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या हंगामांत सुरू झाला. शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही मोठी गोष्ट खरी. पण उसाची तहान त्यानें कमी झाली नाहीं.

राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूर येथें मुळेवर जें धरण झालें, त्यांत सुमारें २६ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्याच्या उजव्या कालव्यानें नेवाशाच्या शिवारांत पाणी आलें, आणि त्याबरोबर जुना प्रश्नही आला. कालव्याच्या मुखाशीं ज्याचें शेत, त्याचा ऊस हिरवागार. टोकाशीं ज्याचें शेत, तो रात्र रात्र चारीवर बसून कोरडा परततो. शेजपाळीच्या नियमांत टोकाकडून मुखाकडे पाणी देण्याची रीत सांगितली आहे, पण नियम कागदावर असतो आणि पाणी उतारावर. यावर एक उपाय याच मुळा कालव्यावर योजून पाहण्यांत आला. सातव्या क्रमांकाच्या वितरिकेवरील शेतकऱ्यांनीं श्री दत्त सहकारी पाणीवाटप संस्था काढली. सरकारकडून मोजून पाणी घ्यावें, आपल्यांत आपण वांटावें, पीक ज्याचें त्यानें ठरवावें, असा तिचा मार्ग. २००५ च्या कायद्यानें अशा पाणीवापर संस्थांस राज्यभर मान्यता दिली.

परंतु मुखाचें व टोकाचें हें भांडण चारीपुरतें उरलेलें नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचें पोट फार मोठें, सुमारें १०२ अब्ज घनफुटांचें. तें अवर्षणाच्या वर्षीं भरत नाहीं, तेव्हां मराठवाडा वरच्या धरणांकडे बोट दाखवितो. २०१४ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें ठरविलें कीं, जायकवाडींतील साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावें. तेव्हांपासून अशा वर्षीं नगर व नाशिककर त्यास आपल्या हक्काचें पाणी म्हणून विरोध करितात. जो शेतकरी आपल्या चारीवर टोकाला आहे म्हणून रडतो, तोच पैठणच्या मानानें मुखाशीं बसलेला असतो, हें मात्र त्याला आठवत नाहीं.

याच जिल्ह्यांत हिवरे बाजारनें दुसरी वाट दाखविली आहे. तेथें पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० च्या सुमारास काम सुरू झालें. दरसाल पडलेला पाऊस मोजावा, माणसांचें व जनावरांचें पाणी आधीं बाजूस काढावें, उरलेल्यांत पिकें बसवावींत. ऊस लावूं नये आणि शेतीसाठीं विंधन विहिरी खोदूं नयेत, असा नेम त्या गांवानें आपला आपण घालून घेतला. तेथें सर्वांच्या नजरेसमोर गांवाचा हिशेब होतो.

शिंगणापुरांत घर उघडें राहतें, कारण दुसऱ्याचें उचलणें म्हणजे चोरी, याविषयीं कोणाला शंका नाहीं. पाण्याविषयीं आपली समजूत अजून तेथवर गेलेली नाहीं. पाळी संपल्यावरही जो घटकाभर दार उघडें ठेवतो, त्याला आपण हुशार म्हणतों, चोर म्हणत नाहीं. ज्या दिवशीं तसें म्हणूं, त्या दिवशीं टोकाच्या शेतकऱ्याला रात्रभर चारीवर राखण करीत बसावें लागणार नाहीं.