टीव्हीच्या पाठीमागे

कर्जतच्या आमच्या घरी गेल्या वैशाखात टीव्ही भिंतीवर टांगायचा ठरला. त्यासाठी जुने लाकडी कपाट हलवले, तर त्याच्या पाठीमागून वायरींचे भलेमोठे भेंडोळे निघाले. चपट्या वायरी, गोल वायरी, तीन रंगांच्या पिना, पाच काट्यांचा एक जॅक आणि पालीची अंडी. भाचा म्हणाला, "मामा, टाकून देऊ का हे?" मी नको म्हटले.

कर्जत-खालापूर भागाच्या इतिहासासाठी मी गावकीच्या वह्या चाळल्या, जुने सातबारे पाहिले, म्हाताऱ्यांना बोलते केले. टीव्हीची पाठ मात्र कधी वळून पाहिली नव्हती. ती पाहायला कारणही घरचेच झाले. १९८८ साली ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढली होती. आई जाऊन आता वीस वर्षे होतील, आणि तिचा आवाज त्या एका कॅसेटखेरीज कुठेही नाही. ती कॅसेट नव्या टीव्हीवर आणि भाच्याने आणलेल्या ॲम्प्लिफायरवर लावायची, एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागले.

किंबहुना त्याहूनही मागे. या खोऱ्यात वीज आधी आली आणि घरात उशिरा आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. पण ती वीज होती मुंबईच्या गिरण्यांसाठी. आमच्या शेतांवरून ती नुसती तारांमधून जायची. त्याच तारांचे मनोरे भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये पाडले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तारांखालच्या कित्येक वाड्यांत मात्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यावरही बराच काळ कंदीलच होता.

टीव्हीचेही असेच झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. वरळीचा मनोरा कर्जतपासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण टीव्हीच्या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालणे त्यांना फारसे जमत नाही, आणि मध्ये उभी माथेरान-प्रबळगडाची रांग. पुण्याकडून सिंहगडाचे सहक्षेपण घ्यावे, तर मध्ये सगळा सह्याद्री. म्हणून मुंबईत जे काम घरातल्या दोन दांड्यांच्या अँटेनाने भागायचे, त्यासाठी इथे कौलांवर वीस-वीस फुटांचा पाइप उभा राहिला. वर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास शोधलेला हा अँटेना आमच्याकडे नुसता 'काड्या' म्हणून ओळखला गेला. खाली बूस्टर, आणि त्यातून टीव्हीपर्यंत चपटी वायर. वादळात काड्या फिरल्या की पडद्यावर मुंग्या. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या ओटीवर अर्धी आळी जमायची आणि मी कौलांवर असायचो. वळवाचा पहिला गडगडाट झाला की आई हातातले काम टाकून अँटेनाची पिन ओढून काढी. वीज पडून टीव्ही जळाल्याच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

इथवर टीव्हीला एकच तोंड होते, अँटेनाचे. पुढचा सगळा इतिहास त्या एका तोंडात किती जणांनी घुसायचे याचा आहे.

पहिला घुसला व्हीसीआर. गणपतीत किंवा सत्यनारायणाला तो रात्रीपुरता भाड्याने यायचा, सोबत तीन सिनेमे. काड्यांची वायर व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरची वायर टीव्हीत. व्हीसीआर आपले चित्र आणि आवाज एका मोकळ्या चॅनेलच्या लहरीवर चढवून त्याच तोंडातून पाठवी. म्हणजे घरातल्या घरात एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! टीव्हीला वाटे, वरळीहूनच आले. आवाज कमी पडला तर टेपरेकॉर्डरला लागणारा पाच काट्यांचा जर्मन जॅक कापून, दोन तारा सोलून, मंडळाच्या कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरला डकवायच्या. हे काम कोणत्याही पुस्तकात नव्हते. स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते मला सोल्डरिंगचा धूर नाकात घेत शिकवले. घाट चढायला गाडीच्या मागे बँकर इंजिन जोडतात त्या गावात जोडणीचे कौतुक ते काय असणार?

१९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि केबलवाल्याने काड्या उतरवल्या. चपटी वायर गेली, गोल आली. पाठोपाठ व्हीसीडी प्लेयर, आणि त्याच्यासोबत पिवळी, पांढरी, लाल पिन. ही पिन मुळात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशनने ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी वापरात आणली. तिचे आरसीए हे नाव त्या कंपनीचेच. पिवळीत चित्र, पांढरीत डावा आवाज, लालमध्ये उजवा. पहिल्यांदाच चित्र आणि आवाज वेगळे झाले, आणि म्हणून आवाज ॲम्प्लिफायरकडे वळवता आला. त्याबरोबर घुमणेही आले. केबलच्या जाळीचे अर्थिंग एकीकडे, घराचे दुसरीकडे. दोहोंच्या मध्ये ॲम्प्लिफायर सापडला की पन्नास हर्ट्झचा 'घूंऽऽ' असा सूर लागतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतली की बहुधा तो कमी होतो, हे इथल्या वायरमननी अनुभवाने शोधले.

२००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि खालापुरात मुंबईकरांची फार्महाउसे भराभर उठली. खरे रिसीव्हर मी पहिल्यांदा तिथेच पाहिले. पाच स्पीकर, एक वूफर, मागे पिनांचे अक्षरशः शेत. चार उपकरणे रिसीव्हरमध्ये आणि तिथून एकच वायर टीव्हीला, ही पद्धत आमच्या पोरांनी परक्यांच्या बंगल्यांत काम करताना उचलली.

डिसेंबर २००२ मध्येच सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयचे पहिले मानक जाहीर केले. चित्र आणि आवाज पुन्हा एका वायरीत आले. २००९ च्या आवृत्तीत तर आवाज उलटाही जाऊ लागला: टीव्हीत जे काही वाजेल ते त्याच वायरीने रिसीव्हरकडे परत. त्याला एआरसी म्हणतात, आणि टीव्हीवर तसे लिहिलेल्या भोकातच ती वायर लावावी लागते. अनेक घरांत 'चित्र आहे, आवाज नाही' ही तक्रार एवढ्यावरच मिटते. पण या वायरीला कुलूपही आहे. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी एकमेकांना ओळखले नाही तर पडदा काळा. पूर्वी वायर सोलून कोणाचेही कोणाशी जुळवता यायचे, आता सोलून काही हाती लागत नाही. ही प्रगती आहे हे मान्य. मला ती थोडी आखडू वाटते. तेवढ्यात सरकारी तारखा आल्या: नगरांसाठी ३१ डिसेंबर २०१५, उरलेल्या भागासाठी ३१ मार्च २०१७. साधी केबल बंद, प्रत्येक टीव्हीला डबा सक्तीचा.

तर, कॅसेट. आमच्याकडच्या पावसाने तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. व्हीसीआर खोपोलीत एका बंद झालेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या माळ्यावर मिळाला. त्याचा रबरी पट्टा बदलून देताना दुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, फीत एकदाच चालेल असं धरून चला." म्हणजे बघायचे आणि उतरवून घ्यायचे, दोन्ही एकाच वेळी. व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना भाच्याच्या लॅपटॉपला गेल्या. टीव्हीसाठी काहीच उरले नाही.

मग मी भेंडोळ्यातली अँटेनाची वायर काढली. व्हीसीआरच्या मागून टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात. नव्या टीव्हीने चॅनेल शोधायला बराच वेळ घेतला आणि एक सापडले. आवाज एआरसीने रिसीव्हरकडे गेला, पाचही स्पीकर घुमले. पडद्यावर मुंग्या, मग मांडव, मग आई.

तिने उखाणा घेतला. नेमक्या नावापाशी बाहेर ताशा कडाडला आणि वडिलांचे नाव त्यात बुडाले. ताई म्हणाली, "परत लाव रे." भाच्याने फीत मागे नेली नाही. "आई, उतरलंय यावर. यावरून लावतो," म्हणत त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

भेंडोळे मी पुन्हा कपाटात ठेवले आहे.