पेटीपासून काचपाटीपर्यंत

सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तेलंगणाच्या सीमेस लागून, नांदेड जिल्ह्यांतील धर्माबाद हें मिरचीच्या व्यापारासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. येथून मिरज फार दूर. मराठी मुलखांत सतार किंवा तंबोरा म्हटला कीं नांव निघतें तें मिरजेच्या कारागिरांचें. आणि पंढरपूरकडील भोपळा, लांकूड, तारा व जवारी यांवर दीर्घ मेहनत करून सिद्ध होणारें तें वाद्य सामान्य घरास सहज परवडणारें नव्हे. आज मात्र अशा गांवांतील विद्यार्थी काचेच्या पाटीवर, म्हणजे टॅब्लेटवर, बोट टेकवूं शकतो आणि तंबोरा, सारंगी, इतकेंच काय, विलायती व्हायोलिनांचा सबंध ताफा त्याच्या सेवेस हजर होतो. तोही पुष्कळदां एक पैसा न देतां. हा उसना सूर खरा मानावा कीं खोटा, हा प्रश्न नवा भासतो. परंतु महाराष्ट्रापुढें तो पूर्वीं एकदां उभा राहिलेला आहे, आणि त्या वेळीं त्याचें नांव होतें हार्मोनियम.

पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडविली. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं, मांडी घालून बसणाऱ्या वादकास सोयीची, हातभात्याची पेटी प्रचारांत आणली. सारंगी प्रत्येक बैठकीपूर्वीं जुळवावी लागे. पेटीचा भाता हलविला कीं सूर तयार. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नें संगीत रंगभूमीचा पाया घातला, आणि पुढें नाटकमंडळ्यांच्या सामानाबरोबर पेटी व ऑर्गन गांवोगांव पोंचले. ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंतानें तर या परक्या वाद्यास मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें.

तरी पेटीवर दोन आरोप होतेच. एक असा कीं, तिचे बारा सूर विलायती मापाचे, आणि रागांतील सूक्ष्म श्रुति त्या मापांत बसत नाहींत. दुसरा असा कीं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यांत निघत नाहीं. पहिल्या आरोपास उत्तर देण्याचा नेटाचा प्रयत्न सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं केला. १९१० सालीं त्यांनीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या सहकार्यानें श्रुतिहार्मोनियम तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत ती गुणिजनांपुढें ठेवण्यांत आली. परंतु त्यांचें समाधान झालें नाहीं. अखेर १९४० सालीं नभोवाणीनेंच आपल्या केंद्रांवर पेटीस बंदी केली. ही बंदी १९७१ च्या सुमारास शिथिल होऊं लागली. मधल्या तीस वर्षांत घरोघरच्या बैठकींत, भजनांत आणि कीर्तनांत पेटी वाजतच राहिली.

पेटीस पुन्हां दार उघडलें जात असतांना दुसरीकडे वेगळाच उद्योग चालू होता. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं फेअरलाइट नांवाचें यंत्र निघालें. त्यांत खऱ्या वाद्याचा मुद्रित सूर सांठवून तो पट्ट्यांवर वाजवितां येई. त्याच वर्षीं बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारी श्रुतिपेटी पुढें आणली. टॅब्लेटचें तत्त्व फेअरलाइटचेंच आहे. वाद्याचा एकेक सूर, हळू, मध्यम व जोरकस वाजवून मुद्रित करतात. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीचें मुद्रण असल्यास एका सेकंदांत ध्वनिलहरीचें माप ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. अशा मुद्रित सुरास सॅम्पल म्हणतात. जो सूर मुद्रित नसेल तो शेजारच्या सुराची गति कमीअधिक करून काढतात. पूर्वीं लाखांच्या यंत्रांत असलेली ही विद्या आतां हातांत मावते, आणि कित्येक वादक आपले मुद्रित सूर सर्वांस मोफत वापरण्याची लेखी मुभा देऊन टाकतात.

पेटीवरील दोन्ही आरोप या पाटीवर टिकत नाहींत. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग पाडून हवा तो सूर हव्या त्या भागावर बसवितां येतो. ज्यासाठीं देवलांना नवी पेटी घडवावी लागली तें काम घटकाभरांत होतें. कांहीं रचनांत काचेवर बोट घसरवून मींडही निघते. मग उणीव कोठें राहिली?

ती साथींत राहिली. पेटीला कान नव्हते. पण पेटीवाल्यास होते. गायकानें एखादी जागा घेतली कीं तो ती झेलीत असे, श्वास संपत आला कीं सूर धरून ठेवीत असे. पाटींतील सारंगी ज्यानें वाजविली तो वादक तेथें हजर नसतो. त्याचा सूर आला, पण त्याचा कान आला नाहीं. एकट्यानें रियाज करणाऱ्यास यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्यानें दुसऱ्याबरोबर कधीं वाजविलेंच नाहीं, त्यास आपलें काय हुकलें हें कळावयाचें कसें?

म्हणून या पाटीस हद्दपार करण्याचें कारण नाहीं. १९४० च्या बंदीनें पेटी मेली नाहीं, आणि सारंगी वांचली असेंही झालें नाहीं. मिरजेच्या कारागिरांचे पूर्वजही शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांची धार सोडून ते तारांकडे वळले, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. काळाबरोबर बदलणें म्हणजे बुडणें नव्हे. दूरच्या गांवीं ज्या घरांत तंबोरा कधींच आला नसता, तेथें या पाटीनें षड्ज पोंचविला, हा तिचा उपकार मोठा आहे. मात्र पाटीवर अक्षर गिरवावयाचें असतें. हात वळल्यावर ज्यानें त्यानें आठवड्यांतून एकदां तरी गांवांतील एखाद्या भजनी मंडळांत जाऊन बसावें, आणि शेजारचा माणूस कोणत्या सुरांत आहे तें ऐकावें.