काळी, पांढरी आणि घरचा हौद



वऱ्हाडांत गांव वसविणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं जमिनीचे दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळी ती पेरावयाची, पांढरी ती राहावयाची. काळी कापसाला पोसते, पण भिंतीला पोसत नाहीं. आषाढ-श्रावणांत ती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून घर, देऊळ आणि धान्याचें पेव यांसाठीं उंच व टणक अशी पांढरीची जागा पाहिली जाई. आज अमरावती आणि अकोला या शहरांच्या कडेच्या कित्येक वसाहती कालच्या कापसाच्या शेतांवर उभ्या आहेत. अशा एखाद्या आवारांत मुलांसाठीं पोहण्याचा हौद करावयाचें मनांत आलें, म्हणजे गृहस्थापुढें प्रश्न येतो : फायबरग्लासचा तयार हौद आणून जमिनींत बसवावा, कीं गनाइटचा हौद जागेवरच उभारावा? प्रश्न नव्या पदार्थांचा दिसतो, परंतु त्याचा इतिहास फार जुना आहे, आणि त्या इतिहासांतच उत्तराचा मोठा भाग सांपडतो.

पाणी सांठविण्याचीं दोन कुळें माणसाला प्रथमपासून ठाऊक आहेत. एक पात्राचें कुळ : कुंभारानें भाजून दिलेला रांजण आणावा आणि अंगणांत गळ्यापर्यंत पुरावा. दुसरें बांधणीचें कुळ : खड्डा खणावा आणि त्याच्याच अंगाला लागून भिंत चढवावी. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह या दुसऱ्या कुळांतील. तें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें असून त्याची लांबी सुमारें १२ मीटर, रुंदी ७ मीटर आणि खोली २.४ मीटर आहे. घट्ट बसविलेल्या विटांच्या जोडीला तेथें डांबरासारख्या शिलाजतूचा थर दिलेला आढळला. म्हणजे भिंत भार सोसण्यासाठीं आणि थर गळती थांबविण्यासाठीं, हा विवेक त्या काळींही होता.

आपल्या प्रांतांत अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्याच्या किल्ल्यावर छत घातलेलीं दगडी टाकीं आहेत. अचलपूरजवळ हौज कटोरा म्हणून प्रसिद्ध असलेला जुना जलाशय आहे. त्याच्या मध्यावरील अष्टकोनी मनोऱ्याचे मजले आजही दिसतात. जुन्या गवंड्यांचा भरंवसा घाणींत मळलेल्या चुन्यावर असे. चुना सावकाश घट्ट होतो, थोडी हालचाल सोसतो आणि बारीक चीर कित्येक वेळां आपली आपणच भरून काढतो. शिवाय नरनाळ्याला पायाखालीं सातपुड्याचा काळा खडक होता. कारागिरी उत्तम होती, यांत शंका नाहीं. पण जागेची निवड कारागिरीच्याही आधीं झालेली होती.

पुढें १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ अॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. १८६७ सालीं फ्रान्समधील जोसेफ मोनिए या माळ्यानें बागेंतील कुंड्यांसाठीं सिमेंटमध्यें लोखंडाची जाळी घालण्याची युक्ति नोंदविली. गनाइटची कथा याहूनही चमत्कारिक आहे. कार्ल एकली हा मृत प्राण्यांचीं हुबेहूब प्रतिरूपें करणारा अमेरिकन कलावंत. १९०७ सालीं शिकागोच्या फील्ड संग्रहालयाची खरवडलेली दर्शनी भिंत सुधारण्यासाठीं त्यानें दाबलेल्या हवेच्या जोरावर मिश्रण फवारणारें यंत्र बनविलें आणि १९११ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. कोरडी वाळू व सिमेंट नळीवाटे वेगानें येतात, तोटीशीं त्यांना पाणी मिळतें आणि तें मिश्रण भिंतीवर आदळून घट्ट बसतें. हेंच गनाइट. आंत सळयांचा सांगाडा उभा केला कीं हवा तो आकार देतां येतो.

फायबरग्लासच्या जन्मालाही हवेचा झोतच कारण झाला. १९३२ सालीं अमेरिकेंत कांचेचे ठोकळे सांधण्याचा प्रयोग चालू असतां वितळलेल्या कांचेवर हवेचा झोत पडला आणि तिचे बारीक तंतु झाले. हे तंतु राळेंत बसवून प्रथम नौका आणि पुढें १९५० नंतर पोहण्याचे अखंड हौद तयार होऊं लागले. अशा रीतीनें रांजणाचें कुळ फायबरग्लासच्या रूपानें, तर बांधीव टाक्याचें कुळ गनाइटच्या रूपानें आपल्या दारीं आलें आहे.

आतां यांतील कोणतें वऱ्हाडच्या मातीला मानवेल? एक हिशेब करूं. हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे असें धरा. त्यांत ४८ घनमीटर, म्हणजे ४८ टन पाणी मावेल. पावसाळ्यांत भोंवतालचें भूजल कांठापर्यंत चढलें आणि हौद मात्र रिकामा असला, तर तेंच ४८ टनांचें बळ हौदाला खालून वर लोटील. फायबरग्लासच्या कवचाचें वजन एक टनाच्या आसपास; तें नावेसारखें वर येईल. पण गनाइटवाल्यानेंही निश्चिंत राहूं नये. १५ सेंटिमीटर जाडीचें कवच धरलें, तरी वजन सुमारें २५ टनच भरतें. तात्पर्य, कोणताही हौद भर पावसाळ्यांत रिकामा करूं नये, आणि तळाशीं भूजलाचा दाब मोकळा करणारी झडप व निचऱ्याची वाट अवश्य ठेवावी.

दुसरें संकट फुगणाऱ्या मातीचें. फायबरग्लास थोडें लवतें, म्हणून लहान हालचाल सोसतें. गनाइट ताठ असतें, म्हणून त्याला चीर पडते. परंतु दोहोंनाही काळीच्या थेट मिठींत ठेवणें धोक्याचें. काळी माती खणून काढावी, खालीं मुरूम ठोकून बसवावा, बाजूंना पाणी झिरपून जाईल अशी भर घालावी. म्हणजे थोडक्यांत, काळींत आपली पांढरी करून घ्यावी. हा खर्च वांचविणारा गृहस्थ पदार्थ कोणताही निवडो, शेवटीं पस्तावतो.

तिसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील क्षार सिमेंटमध्यें शिरून आंतील सळयांना गंज चढवितात. गंजलेली सळई फुगते आणि वरचें कवच फोडते. कांचतंतूला गंजाचें भय नाहीं. उलट, वऱ्हाडच्या कडक उन्हांत त्याचा पृष्ठभाग फिका पडतो आणि कालांतरानें त्यावर फोडही येऊं शकतात. शिवाय अखंड हौद मालमोटारीवरून यावयाचा. अचलपूरच्या जुन्या गल्लीबोळांतून तो येणार कसा? गनाइटला वाट अरुंद चालते, पण तोटी धरणारा हात कसलेला हवा. उडून खालीं पडलेली वाळू पुन्हा वापरली, किंवा मे महिन्याच्या उन्हांत नव्या भिंतीला आठवडाभर तरी सतत ओलें ठेवलें नाहीं, तर तें काम पोकळ होतें.

तेव्हां माझा अभिप्राय असा. हौद लहान आहे, जमीन खारी आहे आणि रस्ता रुंद आहे, तर फायबरग्लास घ्यावें. हौद मोठा अगर वेगळ्या आकाराचा आहे, आणि जाणता अभियंता व कसलेला कारागीर हाताशीं आहेत, तर गनाइट घ्यावें. खालीं मुरूम मात्र दोन्ही ठिकाणीं हवा.

तथापि पाण्याचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. अकोल्याचें पिण्याचें पाणी महान येथील काटेपूर्णा धरणांतून येतें, अमरावतीचें सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणांतून. वर सांगितलेल्या हौदांतून दिवसाला एकच सेंटिमीटर पाणी वाफ होऊन गेलें, तरी ३२० लिटर पाणी गेलें! टंचाईच्या वर्षीं शेजारीं घागरींची रांग लागलेली असतां हा हिशेब कोणत्याही सुजाण कुटुंबाला बोचल्याशिवाय राहणार नाहीं. म्हणून हौदावर आच्छादन घालावें, आणि पाणी वारंवार बदलण्याऐवजीं गाळून शुद्ध करावें. १९१४ सालीं अमरावतींत स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेच्या सामायिक तलावांत मुलांना पोहणें शिकवितां येत असेल, तर एका तलावाच्या पाण्यावर शेंकडों मुलें तरतात, हाही पर्याय तोलून पाहावा.

गांव वसविणाऱ्यानें पहिला प्रश्न विटेचा विचारला नाहीं, मातीचा विचारला. आपणही कंत्राटदाराला भाव विचारण्यापूर्वीं आवारांत एक खड्डा खणावा, एक पावसाळा त्यांतील पाण्याची पातळी पाहावी, आणि मगच हौदाचें कुळ ठरवावें.