पोल्ट्रीला मदत म्हणजे नक्की काय?

"तरुणांना पोल्ट्री सुरू करायला मदत" असा विषय घेऊन तुम्ही प्रपोजल लिहायला बसलात, तर आधी 'मदत' या शब्दाची व्याख्या करा. बहुतेक जण शेडचं कर्ज आणि पिल्लं एवढंच मोजतात. इतिहास वेगळं सांगतो.

1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुण्यातून तिचा पसारा वाढला, सुधारित जातींची पिल्लं मिळू लागली. पण अंडं नाशवंत, आणि कोंबडीला खाद्य रोज लागतं. माल थांबवून ठेवता येत नाही, त्यामुळे भाव व्यापारी ठरवायचा. म्हणून 1982 मध्ये राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि उत्पादकांच्या बाजूने भाव जाहीर होऊ लागले.

ब्रॉयलरमध्ये पुढे कराराची पद्धत रुजली. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची, मोबदला वजनावर. बाजारभावाची जोखीम बरीचशी कंपनीकडे गेली, शेडचं कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहिलं.

मग फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला. तिथल्या कोंबड्या माराव्या लागल्या, आणि जिथे रोग नव्हता तिथलीही विक्री कोसळली.

म्हणून कुठलीही योजना अभ्यासताना चार रकाने आखा: पिल्लं, भाव, रोग, कर्ज. प्रत्येकासमोर लिहा, नुकसान झालं तर भरणार कोण? जिथे उत्तर 'तो तरुण' येईल, तिथे तुमचा संशोधनप्रश्न आहे.